तीन फुटांचा हिशेब

रोहिणी नक्षत्र. भर दुपार. दिघोड्याहून चिरनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर तुंबलेत. कडेला पत्र्याची शेड. आत ग्राइंडर किंचाळतोय, वेल्डिंगचा निळा लोळ उठतोय. छप्पर इतकं तापलंय की खाली थांबवत नाही, आणि बाहेर सावली नाही. खाडीवरचा वारा दमट. घाम वाळत नाही.

शेडसमोर छोटे ट्रॅक्टर ओळीने उभे आहेत, 15 ते 20 अश्वशक्तीचे. उरणच्या खाचरांना हेच झेपतात. खाचर लहान, बांध अरुंद, आणि बंदर, गोदामं, रस्ते यांतून उरलेली शेती तरी केवढी! गाड्या लहान असल्या तरी टेम्पोतून उतरणारी अवजारं मोठी आहेत. पाच फुटी रोटाव्हेटर, नऊ फणांचा कल्टिव्हेटर. जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली.

धोतर खोचलेले एक काका रोटाव्हेटरभोवती फिरतायत. कारागीर हातातला रॉड खाली ठेवतो.

“उचलंल का रं?”

“उचलंल काका. पण गारी पुढून उठंल.”

काका गप्प. पाच फुटी रोटाव्हेटर साडेतीनशे किलोच्या आसपास जातो, आणि काकांचा सगळा ट्रॅक्टर आठशेचा. एवढं ओझं मागे लोंबलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. बांध चढताना तर नकोच. या गाडीला तीन फुटी, फार तर साडेतीन. एवढी रुंदी मागच्या दोन्ही चाकांचा माग झाकते. त्याहून रुंद पातं चिखलात फिरवायला इंजिनात दमच नसतो.

शेजारी कल्टिव्हेटर कापायला घेतलाय. चार फण जातील, पाच राहतील. दोन फणांत नऊ इंच अंतर, म्हणजे पाच फणांना बरोबर तीन फूट. खडूची रेघ, गुण्या, मग ठिणग्या. फ्रेम कापली तरी जोडणी उरतेच. मोठ्या ट्रॅक्टरच्या खालच्या पिना 28 मिलिमीटरच्या, छोट्याच्या 22 च्या. दोन बाजूंमधलं अंतरही वेगळं, मोठ्याचं 825 आणि छोट्याचं 683 मिलिमीटर. म्हणून जुने कान कापून आत सरकवावे लागतात. भोक नुसतं बुश घालून लहान केलं आणि कान होते तिथेच ठेवले, तर खालचे दांडे फाकून बसतात. घाईत नेमकं हेच होतं.

कोपऱ्यात ट्रेलरच्या कमानींचे मोडके पाटे रचलेत. इथे त्यांना तोटा नाही. फाळ झिजला की यातलाच तुकडा. पोलाद चिवट आहे, पण थेट वेल्ड मारला तर जोडाशी तडकतं. जाणता कारागीर पाट्याचं आयतं भोक वापरून बोल्ट लावतो. मला तरी या शेडमधलं हेच काम सगळ्यात अस्सल वाटतं.

पलीकडे लोखंडी पिंजऱ्याची चाकं टांगलीत, चिखलणीसाठी. ती सगळेच घेत नाहीत. खारीत काही जण चिखलणी न करता रहू टाकतात, मोड आलेलं भात फेकून. पण अवजार कुठलंही असो, खारं पाणी लोखंड खातं. नुसता रंग मारून भागत नाही. काम संपलं की गोड्या पाण्याने धुऊन काळं ऑईल फासायचं.

एक पोरगा मोबाईलवर महाडीबीटीचा अर्ज दाखवतो. अनुदानात नवा रोटाव्हेटर बसेल का? बसेल, पण आधी पूर्वसंमती, मग खरेदी. कापून जोडलेल्या जुन्याला तिथे जागा नाही. त्याचा बाप रांग सोडतो. थांबायची तयारी असली तर हा सौदा वाईट नाही.

रांग इंचभर सरकते. आता एका गाडीला रोटाव्हेटर फिरवणारा शाफ्ट बसतोय. लांब पडला म्हणून कापायचा आहे. दोन नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी शिरलेल्या राहायला हव्यात, नाहीतर अवजार उचललं की शाफ्ट निसटतो. कारागीर मापात चुकत नाही. पण कापलेल्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण काही परत चढत नाही. ते भंगाराच्या ढिगात पडतं. “कशाला पायजे? मधे येतं.”

हा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला नऊ. लुंगीचं टोक, उपरण्याची दशी, ओला शर्ट, काहीही पकडतो आणि माणसाला हात सोडवायला वेळ देत नाही. जुनं लोखंड घ्या, फण कमी करा, पाट्याचे फाळ लावा. तिथे वाचवलेला पैसा खरा. शाफ्ट कापायला द्याल तेव्हा मात्र आवरणही त्याच मापात कापून घ्या, आणि ते बसवल्याशिवाय शेडमधून गाडी काढू नका.