न दिसणाऱ्या रक्ताचा दाखला

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे येथील रुग्णास नांदेड गाठणे अवघड नाही. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रुग्ण बहुधा फार उशिरा निघतो, कारण शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच, असा त्याचा दृढ समज असतो.

वस्तुतः हा रोग बहुतांशी आतड्याच्या अस्तरावरील लहानशा, आरंभी निरुपद्रवी अशा गाठीतून, सामान्यतः दहा-एक वर्षांच्या अवधीत आकारास येतो आणि त्या काळात डोळ्यांना न दिसणारे रक्त अधूनमधून झिरपू शकते. ते शोधण्यासाठी घरगुती चाचणीसंचातील बारीक काडी मलावर ठिकठिकाणी टेकवून द्रव भरलेल्या कुपीत बुडवावयाची, झाकण घट्ट लावावयाचे आणि तारीख लिहून ती प्रयोगशाळेकडे रवाना करावयाची. तेथे चाचणीत वापरली जाणारी प्रतिपिंडे केवळ मानवी रक्तद्रव्यच हुडकीत असल्यामुळे आदल्या दिवशीचा मांसाहार निकालास बाधा आणीत नाही.

जपानने १९९२ पासून चाळिशीपुढील नागरिकांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात घेतली. इंग्लंडमध्ये संच टपालाने घरपोच येतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र मुख, स्तन व गर्भाशयमुख ह्यांच्याच कर्करोगांची सार्वत्रिक तपासणी अंतर्भूत आहे.

चाचणीत रक्त आढळले म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे. दुर्बिणीने आतडे पाहावे लागते, आणि गाठ सापडल्यास बहुधा तेव्हाच ती काढून पुढील अनर्थ टाळता येतो. ज्यांना रक्त प्रत्यक्ष दिसते, त्यांनी मात्र संचाची वाट न पाहता, संकोच सोडून, तत्काळ डॉक्टरांकडे जावे.