तान्हुल्याचा सूरमेळ

मूल जन्माला येते तेव्हा त्याचे कान कोरे नसतात. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत ते आईचा आवाज ऐकत असते. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडी एक चोखणी दिली. एका लयीत चोखल्यास आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत परक्या स्त्रीचा. बाळांनी आईचा आवाज ज्या लयीने येई तीच लय पसंत केली. पुढे २००९ मध्ये हंगेरीतील संशोधकांनी झोपलेल्या नवजात बाळांना तालवाद्याचा ठेका ऐकवला. महत्त्वाचा ठोका गाळला की त्यांच्या मेंदूने त्याची नोंद घेतली. लयीची जाण बाळ सोबत घेऊनच येते. तिला घरात प्रतिसाद मिळणे मात्र आवश्यक असते.

व्यापारी कुटुंबात हाच प्रतिसाद नकळत कमी पडतो. दुकानाची वेळ, सणासुदीची गर्दी, हिशेबाची घाई या धावपळीत रडणाऱ्या बाळापुढे मोबाइलवरील गाणे लावणे सोयीचे वाटते. परंतु एक वर्षाखालील बाळांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. विशिष्ट संगीत ऐकवल्याने बाळ बुद्धिमान होते, या समजुतीवरही पैसे खर्च करण्याचे कारण नाही. मोझार्टच्या संगीताविषयीचा १९९३ चा गाजलेला प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला परिणाम जेमतेम पाव तास टिकला होता.

बाळाला हवा असतो तो ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा आवाज. गळा गोड नसला तरी चालतो. पहिल्या काही महिन्यांत बाळ ‘आऽ’ असा हुंकार देते. त्याच सुरात उत्तर द्यावे आणि थांबावे. थोड्या वेळाने बाळ पुन्हा बोलते. हे थांबणेच या खेळाचा प्राण आहे, कारण त्यातून आपल्या आवाजाला उत्तर मिळते हे बाळाला उमगते.

बाळ आधाराने बसू लागले की स्वयंपाकघर हेच त्याचे वाद्यभांडार होते. स्टीलच्या वाटीचा नाद, पातेल्याचा घुमारा आणि लाकडी पोळपाटाचा ठक्क आवाज यांतील फरक ते स्वतः वाजवून शोधते. त्याने दोनदा थाप मारली, तर मोठ्यांनीही दोनदाच मारावी. पुढे टाळ्या आणि मांडीवरचे झोके यांतून ताल अंगात भिनतो. बाळाने मान फिरवली, की खेळ संपला असे समजावे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सुटणारे घुंगरू, बारीक मणी, कडधान्य भरलेल्या डब्या बाळाच्या हाती देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात. मोठा आवाज करणारी खेळणी कानाजवळ नेऊ नयेत. बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल किंवा हाकेकडे वळत नसेल, तर डॉक्टरांकडून श्रवणतपासणी करून घ्यावी.

या खेळात घरातील वडीलधाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्रातील अनेक जैन घरांत आजी मारवाडी, गुजराती किंवा कच्छी बोलते आणि अंगणात मराठी ऐकू येते. आजीच्या ओठांवरचे हालरडे, शेजारणीचा पाळणा, संध्याकाळच्या स्तवनाची चाल हे सारे बाळाच्या कानी पडावे. यांतील कितीतरी गाणी कोठे लिहिलेली नसतात. ज्या पिढीला ती येतात, तिच्यासोबतच ती लोपतात. पाळण्याशेजारी बसून आजीने गावे, सुनेने आणि मुलानेही ती शिकून घ्यावीत. दुकान बंद करून आलेल्या वडिलांनी किंवा आजोबांनी रोज दहा मिनिटे बाळाजवळ बसून वाटी वाजवावी, एखादी ओळ गुणगुणावी आणि उत्तराची वाट पाहावी.