पत्त्यांतला जगज्जेता

दिवाळीचा फराळ आटोपला, की पत्त्यांचा कॅट बाहेर काढायचा, हा पुष्कळ घरांतला जुना रिवाज. पोरे झब्बूवर भांडतात, बायकांची रमी रंगते आणि आतल्या खोलीत पुरुषमंडळी तीनपत्तीला बसतात, अर्थात् सुट्या पैशांवर आणि वडीलधाऱ्यांची चाहूल घेत. जुगार म्हटला, की आपण दचकतो, आणि त्यात आपल्या वाङ्मयाचाही हात आहे. आमच्याकडचा जुगारी रंगवला जातो तो हरलेला. धर्मराज घ्या, देणेकऱ्यांना चुकवीत देवळात दडणारा ‘मृच्छकटिका’तला संवाहक घ्या. नळराजाने अखेर राज्य परत जिंकले खरे, पण कवींचे मन रमले ते त्याच्या वनवासात. जिंकणाऱ्याचे काय होते, हे कोणी फारसे सांगत नाही.

जिंकणाऱ्यांची रीतसर नोंद ठेवणारे एक गाव अमेरिकेत आहे. लास व्हेगास त्याचे नाव. तेथे बेनी बिनियन या गृहस्थाच्या हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ सुरू झाली. पहिल्या वर्षी जमलेल्या मोजक्या खेळाडूंतून विजेता निवडला तो चक्क मतदानाने! गोष्ट अशी सांगतात, की पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले. मग ‘आपल्या खालोखाल कोण?’ असे विचारले, तेव्हा जॉनी मॉसचे नाव पुढे आले. दुसऱ्या वर्षापासून खेळून निकाल लावू लागले, आणि तेव्हाही मॉसच जिंकला. निवडणुकीचा निकाल इतका चोख ठरल्याची उदाहरणे थोडी!

१९७२ पासून मुख्य स्पर्धेची प्रवेश फी दहा हजार डॉलर आहे. इतक्या वर्षांत ती एका डॉलरने वाढलेली नाही. खेळ ‘टेक्सास होल्डेम’. प्रत्येकाला दोन पाने झाकून, मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडी, आणि या सातांतून उत्तम पाच जुळवायची. पाने रद्दी असली तरी बिघडत नाही. चेहरा निर्विकार ठेवून मोठा डाव लावता आला, तर समोरचा राजा-राणी टाकून उठतो. सर्वांना सोंगट्या सारख्या मिळतात; संपल्या की घरी जायचे, आणि ज्याच्यापुढे सगळ्या गोळा होतील तो जगज्जेता. म्हणजे प्रवेश फीपलीकडे कोणी काही गमावू शकत नाही. हस्तिनापुरात हा नियम असता तर महाभारत घडले नसते.

डॉइल ब्रन्सन १९७६ व ७७ अशी दोन वर्षे जिंकला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती तेच क्षुल्लक जोडपे होते : दश्शी आणि दुरी. आजही त्या पानांना त्याचेच नाव आहे. २००३ साली टेनेसीचा एक हिशेबनीस जिंकला. आडनाव मनीमेकर, आणि ते खरोखरच जन्माचे! संगणकावरच्या किरकोळ फीच्या चाचणी स्पर्धेतून तो येथवर आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी ८३९ स्पर्धक होते. तीनच वर्षांनी ८,७७३ झाले. प्रत्येक हिशेबनिसाला वाटू लागले, आपण का नाही?

पण माझे मन थांबते ते स्टू अंगरपाशी. न्यूयॉर्कच्या एका दारूच्या गुत्तेवाल्याचा हा किरकोळ अंगाचा मुलगा. बाप लवकर वारला. जिन रमीत पोरगा इतका तयार, की समोर बसायला कोणी धजेना. म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० साली ब्रन्सनला हरवून जिंकला, १९८१ साली पुन्हा जिंकला. समोरच्याची झाकली पाने त्याला जणू दिसत. मेजावर तो कोणाला हार जाईना. पण मेजावरून उठला, की घोड्यांच्या शर्यती, खेळांवरच्या पैजा आणि कोकेन. तेथे प्रवेश फीची मर्यादा नव्हती.

१९९० साली तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. खोलीत बेशुद्ध सापडला, मादक द्रव्याचा अतिरेक झालेला. पण त्याच्यापुढची सोंगट्यांची रास एवढी मोठी, की रिकाम्या खुर्चीतून दर फेरीला सक्तीची छोटी पैज कापली जात असतानाही ती नवव्या क्रमांकापर्यंत टिकली. समोर कोणी नाही आणि तरी बाकीचे बाद होताहेत! हे दृश्य नाटकात घातले, तर प्रेक्षक म्हणतील, लेखकाने अति केले.

१९९७ साली खिशात दमडी नाही; दहा हजार भरले ते बिली बॅक्स्टर या मित्राने. कोकेनने विद्रूप झालेले नाक लपवायला निळ्या गोल काचांचा चष्मा, आणि जवळ मुलीचा फोटो. अंतिम सामना भर रस्त्यात, उन्हात मांडला होता. शेवटच्या डावात दोघांकडेही एक्का. अंगरच्या जोडीला चव्वी, प्रतिस्पर्ध्याच्या जोडीला अठ्ठी. म्हणजे अंगरच मागे. मेजावर एक्का, पंजी, तिर्री, पुन्हा तिर्री. शेवटचे पान उलटले, ती निघाली दुरी. एक्का-दुरी-तिर्री-चव्वी-पंजी अशी ओळ लागली. एवढी मोठी बुद्धी, आणि तिलाही अखेर एका दुरीची गरज पडली. दहा लाख डॉलर मिळाले, निम्मे बॅक्स्टरचे. उरलेले अंगरने काही महिन्यांत उडवले.

पुढच्या वर्षी बॅक्स्टरने पुन्हा त्याची फी भरली. अंगर खाली खेळायला आलाच नाही. त्याच नोव्हेंबरात लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मृत सापडला. वय ४५. अंत्यविधीसाठी मित्रांना वर्गणी काढावी लागली.