हॅलक्स व्हॅल्गस शस्त्रक्रिया
हॅलक्स व्हॅल्गस किंवा बनियन (अंगातील बनियनशी या शब्दाचा संबंध नाही) या विकृतीत पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो व त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा दिसू लागतो. रुंद पादत्राणांनी वेदना कमी होते, व्यंग मात्र तसेच राहते. चालणे अवघड करणारी वेदना हाच शस्त्रक्रियेचा खरा निकष होय. केवळ पाय सुबक दिसावा म्हणून ती करणे योग्य मानले जात नाही. बहुधा हाड कापून, सरळ करून स्क्रूने जोडतात. ते जुळून येण्यास साधारणतः ६ आठवडे लागतात. सूज कित्येक महिने राहू शकते. जंतुसंसर्ग, बधिरता, सांध्याचा ताठरपणा हे संभाव्य धोके आहेत. व्यंग पुन्हा उद्भवू शकते. कधी अंगठ्यावरील भार शेजारच्या बोटांच्या मुळाशी सरकतो व तेथे नवे दुखणे सुरू होते. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो.