हजार वर्षांपूर्वीची कानातली गेली कुठे?

आजच्या भागात एक साधा प्रश्न. फातिमी खलिफांच्या इजिप्तमध्ये लग्नाच्या याद्यांत सोन्याची कानातली भरपूर सापडतात. मग संग्रहालयांत ती इतकी थोडी का?

आधी काळ समजून घेऊ. फातिमींनी ९६९ मध्ये इजिप्त जिंकलं, कैरो वसवलं आणि ११७१ पर्यंत तिथे राज्य केलं. त्यांच्या काळातली कानातली बरेचदा चंद्रकोरीच्या आकाराची, आपल्या चांदबालीसारखी. पण कोर दिसली म्हणून लगेच धर्माचं चिन्ह समजू नका हं! सहाव्या-सातव्या शतकात बायझंटाइन ख्रिस्ती बायकाही कोरीची कानातली घालायच्या.

आता घडण. हे भरीव सोनं नव्हे. सोन्याची बारीक तार पिळून जाळी करायची, त्यावर खसखशीएवढे रवे झाळून बसवायचे. पुढची आणि मागची जाळी पट्टीने जोडली की पोकळ डबी तयार. काठाला छोट्या कड्या, त्यांतून मोती ओवायचे. म्हणजे सोनं कमी, मेहनत जास्त.

आणि खरी गोम इथेच आहे. दागिना मोडीत घातला की घडणावळ शून्य, उरतं फक्त वजन.

कैरोजवळच्या फुस्तातमध्ये एका सिनेगॉगच्या कोठीत ज्यू कुटुंबांचे जुने कागद सापडले. त्यांना ‘गेनिझा’ म्हणतात. त्यात नवरीसोबत आलेल्या ऐवजाच्या याद्या आहेत, आणि वस्तूंपुढे दिनारांत किंमत लिहिलेली आहे. कशासाठी? घटस्फोट झाला किंवा नवरा गेला, तर तिचं तिला परत मिळावं म्हणून. कानातलं म्हणजे तिची बँकच म्हणा ना! पण अडीअडचणीला ते विकलं जायचं, वितळायचं, पुढच्या नवरीसाठी नव्याने घडायचं.

मग उरलं कोणतं? २०१८ मध्ये इस्राएलमधल्या कैसरियात एका विहिरीच्या दगडांमध्ये लपवलेलं छोटं कांशाचं भांडं सापडलं. आत २४ सोन्याची नाणी आणि एकच कानातलं. ११०१ मध्ये क्रुसेडर सैन्याने हे शहर घेतलं आणि मोठी कत्तल केली. संशोधकांच्या मते ऐवज तेव्हाच लपवला गेला आणि मालक परत येऊ शकले नाहीत.

मला हे वाचून चटका लागला. ज्या बाईचं आयुष्य पुढे चाललं, तिचं कानातलं बहुधा वितळलं. जमिनीत जे राहिलं, त्यातलं बरंचसं परत न आलेल्यांचं.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो दिसला, तर शतकासोबत ‘सापडलं कुठे’ हेही नक्की वाचा. तुमच्या आजीच्या कुड्या किंवा बुगड्या कुठून आल्या, तेही आजच विचारा. भेटू पुढच्या भागात!