डाळिंब्या सोलण्याचा तास

गेल्या उन्हाळ्यात सुनेला कामानिमित्त महिनाभर परगावी राहावे लागले आणि त्याच सुमारास नातीची बालवाडीही सुट्टीसाठी बंद झाली, तेव्हा त्या चार वर्षांच्या बाईसाहेबांच्या दिवसाचा सारा बंदोबस्त आम्हा दोघा वृद्धांकडे आला. आणि ज्याची उमेदीची पस्तीस वर्षे कचेरीतले दफ्तर सांभाळण्यात खर्ची पडली, अशा माणसाला अशा प्रसंगी जी तजवीज सुचायची तीच मला सुचली. मी एक तक्ता आखला. आठ ते साडेआठ अक्षरओळख, साडेआठ ते नऊ अंक, नऊ ते साडेनऊ चित्रकला, पुढे अल्पोपाहार, गाणी, गोष्ट, असा अर्ध्या अर्ध्या तासाचा तपशील तांबड्या शाईने रेघा मारून सिद्ध केला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर डकवला. कुटुंबाने तो वाचला, काही बोलली नाही, आणि वाल निवडू लागली.

त्या तक्त्याचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकला. अक्षरओळख चालू असताना नातीला तहान लागली. तिने तांब्यातले पाणी फुलपात्रात ओतले, त्यातले घोटभर प्यायली, आणि उरलेले परत तांब्यात ओतले. पुन्हा फुलपात्रात, पुन्हा तांब्यात. पहिल्या खेपांना अर्धे पाणी फरशीवर गेले. मग तिने तांब्याला दोन्ही हात लावले, कडेला बोट टेकवले, जीभ किंचित बाहेर काढली आणि धार बारीक केली. मी दोनदा ‘आता अंकांची वेळ झाली’ असे फर्मावून पाहिले. तिने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. सुमारे पाऊण तासाने तिने फुलपात्र काठोकाठ भरले, थेंबही न सांडता ते माझ्यापुढे ठेवले आणि “आबा, प्या” म्हणून ती अंगणात निघून गेली.

त्या क्षणी मला माझ्या तक्त्याचा अवमान झाल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच दुपारी, बालशिक्षणावर पूर्वी वाचलेले काही आठवता आठवता, मारिया माँटेसोरीबाईंनी नमूद करून ठेवलेला एक प्रसंग स्मरणात आला. रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी 1907 साली बालगृह उघडले. तेथे तीनएक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत लहानमोठ्या दट्ट्या बसवीत होती, काढीत होती आणि पुन्हा बसवीत होती. बाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, त्या मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने दट्ट्या ओटीत घेऊन आपले काम पुढे चालू ठेवले. चाळिसांहून अधिक वेळा ते करून, विश्रांती घेऊन उठावे तशा प्रसन्न मुद्रेने ती थांबली. एवढ्या वयाच्या मुलांचे चित्त कोठेच ठरत नाही, ही जी आपली सर्वमान्य तक्रार, तिचे मूळ बहुधा मुलांच्या स्वभावात नसून आपल्या घड्याळात आहे. कारण चित्त ठरले रे ठरले की आपण ‘वेळ झाली’ म्हणून ते उठवतो.

म्हणून दिवस आखूच नये, असा मात्र याचा अर्थ नाही. ज्या घरात मुलाच्या दिवसाला काही शिरस्ताच नाही, तेथे ते मूल दुपारपर्यंत किरकिरे होते आणि संध्याकाळपर्यंत घरातली वडील माणसेही तशीच होतात. आखायचे ते वडील माणसांनी स्वतःसाठी: आज कोणते साहित्य हाताशी ठेवायचे, घरातल्या कोणत्या कामात मुलाला वाटा द्यायचा, आणि आपण कोणत्या वेळी त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे. मुलाच्या वाट्याला यावा तो केवळ क्रम. खाण्यानंतर अंगण, अंगणानंतर अंघोळ, जेवणानंतर गोष्ट, गोष्टीनंतर झोप, एवढे रोज त्याच अनुक्रमाने घडले की घड्याळ न कळणाऱ्या जिवाला पुढे काय येणार हे कळते, आणि ज्याला पुढचे कळते तो हट्ट कमी करतो.

या बाबतीत आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिचा आपल्याला विसर पडत चालला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगरला बालशिक्षणाचे धडे घेतले, 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची उभारणी झाली, आणि 1945 पासून बोर्डी येथे अनुताई वाघ यांना सोबत घेऊन ताराबाईंनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, जे पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी परदेशी साधने खेड्यात आणायची कोठून? तेव्हा शंख, शिंपले, बिया, पाने, गोटे हीच साधने झाली. आणि पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसून आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना हेच अंगणवाडी हे नाव मिळाले आणि ते देशभर गेले. जेथे मुलाचे जगणे चालू आहे तेथे शिक्षणाने जावे, हा जो त्यातला विचार, तो घराला तर विशेष लागू. कारण घरात जगण्याखेरीज दुसरे चालू काय असते?

कुटुंबाने निवडलेले ते वाल रात्री भिजत पडले होते. सकाळी नातीने ते मोजून नव्हे, मुठींनी फडक्यात भरले आणि आजीने गाठ मारली. दिवसभरात तिने ती पुरचुंडी चार वेळा हुंगून पाहिली. तिसऱ्या दिवशी गाठ सोडताच आतून पांढरे मोड निघाले, तेव्हा “हे कोणी लावले?” असा प्रश्न आला, त्याचे उत्तर देण्याची घाई आजीने केली नाही. मग वाल कोमट पाण्यात घातले, आणि दोघी परात मध्ये घेऊन डाळिंब्या सोलायला बसल्या. मोड आलेल्या वालाला अंगठ्याने आणि तर्जनीने नेमका दाब दिला तर साल सुटून डाळिंबी टुणकन बाहेर येते. दाब जास्त झाला तर ती फुटते, कमी झाला तर काहीच घडत नाही. पुढे पेन्सिल धरायला लागतात ती हीच दोन बोटे आणि हाच अदमास. बाजारातल्या गिरवायच्या वह्यांची पाने घाईघाईने भरून घेणाऱ्या पालकांनी कधी एकदा पावशेर वाल भिजत घालून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

सालींची एक वाटी, डाळिंब्यांची एक, फुटलेल्यांची तिसरी: वर्गीकरण झाले. ‘पाच आजीला, पाच मला’ म्हणताना गणित झाले. परंतु मला अधिक मोलाचे वाटले ते वेगळेच. तोवर ही मुलगी “काल आपण समुद्रावर जाऊ” असे बिनदिक्कत म्हणत असे. त्या तीन दिवसांत परवा भिजवले, काल बांधले, आज सोलले, ही भाषा तिच्या तोंडी आपसूक बसली. बिरड्याची आमटी तिने खाल्ली नाही, ही गोष्ट अलाहिदा.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. वाल, चिंचोके, मणी असल्या वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत, आणि मोठ्यालाही पाठीमागे एकटे सोडू नये. नाकात किंवा घशात अडकायला एक दाणा पुरतो. पाण्याच्या बादलीचेही तेच.

दिवसाच्या उरलेल्या भागाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी रोज किमान 180 मिनिटे हालचाल, झोपेचे 10 ते 13 तास, आणि पडद्यापुढे फार तर एक तास, असे प्रमाण घालून दिले आहे. अंगण, जिना आणि जवळची बाग असली की पहिले साधते, पहिले साधले की दुसरे, आणि तिसऱ्यासाठी मोबाइल वडील माणसांनी स्वतः खाली ठेवावा लागतो, ती खरी अडचण. गोष्ट रोज नवी शोधण्याचा खटाटोप मी आठवड्यात सोडून दिला. तिला तोच उंदीर, तीच मांजर आणि तोच शेवट हवा असे; मी एक शब्द बदलला तरी ती उठून बसे आणि मूळ पाठ दुरुस्त करून घेई.

माझा तक्ता महिनाभर कपाटावर होता. शेवटच्या आठवड्यात सालींसाठी कागद हवा म्हणून नातीने तो स्वतःच ओढून काढला, परातीशेजारी पसरला, आणि तांबड्या रेघांच्या एकेका चौकोनात एकेक साल ठेवीत बसली.