दिवसा वीज मिळाली, संध्याकाळचं काय?

रात्री साप-बिबट्याच्या धास्तीत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यासाठी राज्यात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ राबवली जात आहे. तिचा पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावात सुरू झाला. देशाची सौरक्षमताही २०१४ मधील सुमारे ३ गिगावॅटवरून जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटवर पोहोचली. (उन्हाळ्यात जास्त वीज मिळते, हा समज मात्र अर्धाच खरा, पॅनल तापले की त्यांची कार्यक्षमता घटते.)

खरी गोम सूर्य मावळल्यावर. निर्मिती थांबते नेमकी तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. दुपारची वीज साठवायला बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत प्रकल्प लागतात. ते पुरेसे उभे राहीपर्यंत संध्याकाळचा भार मुख्यतः कोळशावरच राहणार.